दुसरी बाजू उलटी वाजते : ही स्पूल चार चॅनेलची असेल का?

फीतवेडा

नमस्कार मंडळी. गेली बारा-तेरा वर्षं जुन्या फिती जमवतोय. सुरुवात कॅसेटपासून झाली, मग स्पूल, मग आठ-ट्रॅक कार्ट्रिज आणि गेली दोन वर्षं क्वाड, म्हणजे सत्तरच्या दशकातलं चार स्पीकरांचं सराउंड. स्पूल दीडशेच्या आसपास आहेत. त्यातल्या चार चॅनेलच्या म्हणून खात्रीने सांगता येतील अशा फक्त सहा. म्हणून हा धागा.

मागच्या आठवड्यात जुन्या फितींच्या एका गठ्ठ्यात सात इंची एक स्पूल मिळाली. डब्यावर नाव नाही, तारीख नाही. आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने '७½' लिहिलंय आणि शेजारी एक बाण काढलाय, एवढंच. माझा डेक पाव-ट्रॅक स्टिरिओ. सेकंदाला साडेसात इंचांवर लावली. आधी वाद्यं जुळवल्याचे आवाज, कुणाचा तरी खोकला, मग वाद्यवृंद सुरू झाला. कुठल्या तरी सभागृहातलं थेट ध्वनिमुद्रण असणार. जवळजवळ अर्धा तास चाललं आणि आवाज इतका स्वच्छ की मी जागचा हललो नाही.

मग स्पूल उलटून दुसरी बाजू लावली, तर सगळं शेपटाकडून डोक्याकडे! टाळ्या आधी, संगीत नंतर. प्रत्येक स्वर हळूहळू फुगत येतो आणि कापल्यासारखा थांबतो.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पूलची फीत पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर रुंद. पाव-ट्रॅक स्टिरिओत तिच्यावर चार अरुंद पट्टे असतात. पहिला आणि तिसरा एका दिशेने वाजतात, फीत उलटली की दुसरा आणि चौथा दुसऱ्या दिशेने. चार चॅनेलच्या फितीत मात्र चारही पट्टे एकाच दिशेने भरलेले असतात. पहिला-तिसरा पुढचे स्पीकर, दुसरा-चौथा मागचे. त्यामुळे साध्या डेकवर पहिल्या बाजूला पुढचे दोन नीट वाजतात आणि उलटल्यावर मागचे दोन उलटे ऐकू येतात. माझ्या फितीचं अगदी असंच होतंय.

मग ही सातवी समजू का? घाईत फीत खराब करायची नाही, म्हणून आधी इथे विचारतोय.

जुनाडेक

अभिनंदन! पण चार चॅनेल की दोन, हे नंतर बघू. फीत कसली आहे ते आधी बघा. स्पूल बाजूने उजेडासमोर धरा. फितीच्या थरांतून उजेड आरपार दिसला तर ॲसिटेट, काळीकुट्ट राहिली तर पॉलिएस्टर. ॲसिटेटला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतोय का तेही बघा. येत असेल तर तिचा आधारच कुजायला लागलाय. अशी स्पूल बाकीच्या फितींपासून लगेच वेगळी ठेवा.

दुसरं म्हणजे फितीची पाठ. पाठ काळी आणि मॅट असेल, म्हणजे मागे कार्बनचा लेप असेल, तर जास्त जपा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अशा बऱ्याच फितींचा बाइंडर, म्हणजे चुंबकीय थर फितीला धरून ठेवणारा गोंद, हवेतला दमटपणा पिऊन चिकट होतो. वाजवताना फीत किंचाळते, हेडवर (डेकचा फीत वाचणारा भाग) तपकिरी राप धरतो. तो राप म्हणजे ऑक्साइड, तुमचं संगीतच ते, खरवडून निघालेलं. किंचाळी ऐकू आली की त्या क्षणी थांबवा, 'एवढं वाजू दे' म्हणू नका.

माझी एक स्पूल अशीच गेली. शेवटची पाच मिनिटं राहिली होती म्हणून थांबलो नाही. ती पाच मिनिटं आता जगात कुठेच नाहीत.

फीतवेडा

@जुनाडेक, आत्ताच बघितलं. काळीकुट्ट, म्हणजे पॉलिएस्टर. पाठ तपकिरी आणि गुळगुळीत, लेप नाही. किंचाळी नाही आणि दोन्ही बाजू वाजवल्यावर कापूस फिरवला तर हेड स्वच्छ.

अर्धा_ट्रॅक

तुमचा उत्साह मोडायचा नाही, पण दुसरी बाजू उलटी वाजते एवढ्यावरून फीत क्वाड ठरत नाही. अर्ध्या ट्रॅकची स्टिरिओ फीतही पाव-ट्रॅक डेकवर अश्शीच वागते.

ते कसं? अर्ध्या ट्रॅकमध्ये दोनच रुंद पट्टे असतात, वर डावा, खाली उजवा, दोन्ही एकाच दिशेने. पन्नाशीच्या दशकात ज्या पहिल्या स्टिरिओ स्पूल विक्रीला आल्या त्या अशाच होत्या. पाव-ट्रॅक हेडच्या दोन फटींपैकी एक वरच्या रुंद पट्ट्यात पडते, दुसरी खालच्या. म्हणून पहिली बाजू व्यवस्थित वाजते. फीत उलटली तरी फटी त्याच दोन पट्ट्यांवर पडतात, फक्त दिशा उलटी आणि डावं-उजवं अदलाबदल.

तेव्हा असं करा. दोन्ही बाजू संगणकावर उतरवून घ्या. दुसऱ्या बाजूची फाइल उलटी करा आणि डावं-उजवं बदला. आता दोन्ही फाइलींत अगदी तेच ध्वनिमुद्रण असेल तर फीत अर्ध्या ट्रॅकची. तोच प्रसंग पण वेगळ्या जागेवरून ऐकल्यासारखा वाटला, तर मात्र मीच तुमचं अभिनंदन करीन.

सूरपाखरू

वा, काय धागा आहे! वाचनखूण साठवली. मला स्पूलमधलं काही कळत नाही, पण पुढे काय झालं ते नक्की सांगा.

फीतवेडा

@अर्धा_ट्रॅक, तुम्ही म्हणालात तसं केलं. काल रात्री साडेदहाला बसलो ते दीड वाजता उठलो.

फाइली एकसारख्या नाहीत. पहिल्या बाजूला व्हायोलिनं समोर, स्पष्ट, तारेवर गज टेकल्याचा खरखरीतपणासुद्धा कळतो. सरळ केलेल्या दुसऱ्या बाजूला तीच व्हायोलिनं लांब गेलेली, त्यांच्याभोवती सभागृहाचा घुमारा. आणि तो खोकला! पहिल्या बाजूला तो कुठे तरी दूर होता, दुसरीवर अगदी शेजारच्या खुर्चीतून आल्यासारखा.

अर्धा_ट्रॅक

मग मी माझा शब्द पाळतो, अभिनंदन! खोकला मागच्या चॅनेलवर जवळ येणं ही फार चांगली खूण आहे, कारण मायक्रोफोन श्रोत्यांकडे तोंड करून ठेवल्याशिवाय असं होत नाही. तरी डोळ्यांनी खात्री करायची असेल तर चुंबकीय व्ह्यूअर मिळवा. चपटी डबी असते, आत द्रवात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण. फितीवर टेकवली की कण चुंबकलेल्या जागी गोळा होतात आणि पट्टे डोळ्यांना दिसतात. दोन मिलिमीटरचे दोन जाड पट्टे दिसले तर अर्धा ट्रॅक. जेमतेम एकेका मिलिमीटरचे चार, मध्ये रिकाम्या रेघा, तर पाव.

सव्वा_इंच

अर्धा_ट्रॅक यांनी जुन्या स्टिरिओ फितींचा विषय काढलाच आहे तर एक जोड देतो, कारण नवीन मंडळी इथे हमखास फसतात. पन्नाशीच्या दशकात सुरुवातीला दोन चॅनेलचं एकत्र हेड सगळ्यांकडे नव्हतं. म्हणून दोन वेगळी हेडं सुमारे सव्वा इंचाच्या अंतराने एकापुढे एक बसवायचे आणि फितीही त्याच अंतराने सरकवून भरायचे. अशी फीत आजच्या डेकवर लावली की एक चॅनेल दुसऱ्याच्या पुढे धावतो. सेकंदाला साडेसात इंच वेग आणि सव्वा इंच अंतर, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. तबल्याची एक थाप दोनदा ऐकू येईल एवढा फरक.

माझ्याकडे अशी एक आहे. कितीतरी दिवस मी ती बिघडलेली समजत होतो. संगणकावर एक चॅनेल तेवढा सरकवला आणि दोन्ही कानांतला गोंधळ एकदम मिटून समोर रंगमंच उभा राहिला. त्या दिवसापासून 'खराब' लिहिलेली कुठलीही स्पूल मी सोडत नाही.

घुमारा

उशिरा येतोय, पण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, जरा सविस्तर लिहितो.

फीतवेडा यांनी खोकल्याचं जे लिहिलंय, त्यासाठीच सुरुवातीचं सराउंड जमवावं असं मला वाटतं. पुढच्या दोन चॅनेलांवर वाद्यवृंद असतो. मागच्या दोनांवर ती खोली असते, ती संध्याकाळ असते. व्हॅनगार्ड या अमेरिकी ध्वनिमुद्रिका कंपनीने १९६९ मध्ये चार चॅनेलच्या स्पूल विकायला काढल्या. त्या काळच्या अनेक अभिजात ध्वनिमुद्रणांत मागे फक्त सभागृहच ठेवलेलं सापडतं. रॉकच्या मिश्रणांत मात्र वाद्यं श्रोत्याभोवती चहूकडे मांडायची चाल पडली. दोन्हींत मजा आहे, पण मला पहिली जात जास्त प्रिय.

खोली फितीवर कशी उतरते याचं सगळ्यात अंगावर येणारं उदाहरण चार चॅनेलचं नाही, दोनच चॅनेलचं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात बर्लिनच्या नभोवाणीत हेल्मुट क्रूगर या ध्वनिअभियंत्याने मॅग्नेटोफोनवर, म्हणजे जर्मन फीतयंत्रावर, स्टिरिओ ध्वनिमुद्रणं केली. त्यातली फार थोडी उरली. वाल्टर गीझेकिंगने वाजवलेला बेटहोव्हेनचा पाचवा पियानो कॉन्चेर्टो त्यांपैकी एक. शांत जागी कान दिलात तर दूरवर विमानवेधी तोफांचे धमाके ऐकू येतात. पियानो थांबत नाही. ती फीत मी जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा त्या जागी श्वास रोखला जातो.

आणि सराउंड सत्तरच्या दशकात जन्मलं हा समजही सोडून द्या. १९४० मध्ये 'फँटासिया'साठी डिस्नेने फँटासाउंड ही अनेक चॅनेलची ध्वनिपद्धत आणली. ती फिल्मवरच्या प्रकाशपट्टीवरची, फितीवरची नव्हे. १९५२ च्या सिनेरामात, म्हणजे अतिरुंद पडद्याच्या सिनेमात, चुंबकीय फिल्मवर सात ट्रॅक होते. जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेनने कोलोनच्या नभोवाणी स्टुडिओत 'कोन्टाक्टे' रचलं, १९६० मध्ये ते पहिल्यांदा सादर झालं. त्यासाठी एक फिरतं टेबल केलं होतं. टेबलावर कर्ण्यासारखा स्पीकर, भोवती चार मायक्रोफोन, चारांचे चार ट्रॅक. टेबल हाताने फिरवलं की आवाज मायक्रोफोनांवरून फिरत जायचा आणि ऐकताना तो श्रोत्यांभोवती फिरायचा. हाताने! किती साधी युक्ती आणि किती खरी.

आता फीतच का, तबकडी का नाही? त्या काळी क्वाडच्या तबकड्याही निघाल्याच. एसक्यू आणि क्यूएस पद्धतींत चार चॅनेल दोनांत कालवायचे आणि वाजवताना परत वेगळे काढायचे. पण एकदा कालवलेलं पूर्ण वेगळं होत नाही, पुढचं मागे झिरपतं. जेव्हीसीच्या सीडी-४ पद्धतीत मागच्या चॅनेलांची माहिती ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर बसवायचे. त्यासाठी शिबाता घडणीची खास सुई लागायची, आणि तबकडी साध्या सुईने झिजली असेल तर वरचा भाग गेलाच म्हणून समजा. फितीवर मात्र चार चॅनेल म्हणजे सरळ चार पट्टे. कालवणं नाही, उकलणं नाही.

कार्ट्रिज_कोपरा

घुमारा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. फक्त स्पूलवाल्यांनी आठ-ट्रॅकला विसरू नये! क्वाड-८ ची कार्ट्रिजं १९७० पासून आली आणि घरोघरी चार स्वतंत्र चॅनेल नेण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांत आठ ट्रॅकांचे चार-चारचे दोन कार्यक्रम असतात. कार्ट्रिजच्या कोपऱ्यात एक खाच असते, तिच्यावरून यंत्र ओळखतं की ही क्वाड आहे. साध्या आठ-ट्रॅक यंत्रात घातलं तर चारांपैकी दोनच चॅनेल एका वेळी ऐकू येतात.

एक कळकळीची विनंती. जुनं कार्ट्रिज हाती आलं की कितीही मोह झाला तरी आधी वाजवू नका. आत एकच अखंड वेटोळं असतं, मधून फीत निघते आणि बाहेरून परत गुंडाळली जाते. दोन टोकं जिथे जोडलेली असतात तिथे धातूची चकचकीत पट्टी असते, ती सेन्सरला लागली की ट्रॅक बदलतो. पन्नास वर्षांत तिचा गोंद वाळतो. माझ्या पहिल्याच क्वाड कार्ट्रिजची पट्टी तिसऱ्या मिनिटाला सुटली. टोक आत ओढलं गेलं आणि 'टक्' असा एक आवाज येऊन सगळं शांत. कवच फोडून फीत बाहेर काढायला दोन रविवार गेले आणि तरी सात-आठ फूट चुरगळली ती चुरगळलीच.

आता मी आधी पट्टी समोर येईपर्यंत फीत हाताने हळूहळू ओढतो, ती बदलतो, आतला स्पंज भुगा झालेला असतो तोही बदलतो, पिंच रोलर बघतो (फीत दाबून पुढे ढकलणारं रबरी चाक, ते कार्ट्रिजच्या पोटातच असतं, बोटाला चिकटलं तर वितळायला लागलंय). मगच वाजवतो.

सूरपाखरू

एक बाळबोध प्रश्न. फीतवेडा यांच्याकडे आता दोन फाइली आहेत, पुढची आणि मागची. त्या संगणकावर एकावर एक ठेवून चार स्पीकरवर ऐकता नाही का येणार?

अर्धा_ट्रॅक

प्रश्न अजिबात बाळबोध नाही, बरेच जण हेच करतात. पण दोन फेऱ्यांत डेकचा वेग तंतोतंत तोच राहत नाही. हजारात एक एवढा फरक पडला तरी अर्ध्या तासात पावणेदोन सेकंदांची तफावत होते. फाइल ताणून दोन्ही टोकं जुळवली तरी मधे वेग कमी-जास्त होत राहतो तो जुळत नाही. सभागृहाचा घुमारा पुढच्या आवाजामागून किती मिलिसेकंदांनी येतो यावरून कान खोलीचा आकार ओळखतो. तेच अंतर हेलकावे खायला लागलं तर खोलीच विरघळते. ओळख पटवायला ही युक्ती ठीक, ऐकायला नाही. चारही पट्टे एका हेडने एकाच वेळी वाचायला हवेत.

जुनाडेक

@फीतवेडा, माझ्याकडे टीॲक ए-३३४०एस आहे. चार चॅनेल, साडेसात आणि पंधरा इंच दोन्ही वेग. बेल्ट आणि पिंच रोलर गेल्या वर्षी बदललेत, हेड अजून चांगलं आहे. तुम्ही स्पूल घेऊन या. पाठवू मात्र नका, एकुलती एक प्रत दुसऱ्याच्या हाती सोपवू नये.

येण्याआधी एक करा. फीत वाजवण्याच्या वेगाने शेवटपर्यंत जाऊ द्या आणि शेपूट बाहेर राहील अशीच आणा. वेगाने गुंडाळू नका, थर वेडेवाकडे बसतात. कायमचीही तशीच ठेवा. फितीचे थर वर्षानुवर्षं एकमेकांवर दाबून राहिले की एकाचा आवाज शेजारच्यावर उमटतो. शेपूट बाहेर असेल तर ही सावली बहुतेक मूळ आवाजाच्या मागून येते आणि त्याच्या घुमाऱ्यात लपते. डोकं बाहेर असेल तर सूर लागायच्या आधीच त्याची सावली ऐकू येते, आणि एकदा ती ऐकू आली की दुसरं काही ऐकू येत नाही.

फीतवेडा

@जुनाडेक, काय बोलू! येतोच.

कार्ट्रिज_कोपरा

धागा वर काढतोय. काय झालं त्या स्पूलचं?

फीतवेडा

मंडळी, उशीर झाला, माफ करा. रविवारी जुनाडेक यांच्याकडे जाऊन आलो.

आधी त्यांनी हेड आणि फितीच्या वाटेतला एकूणएक खांब पुसला, चुंबकत्व काढलं, मग हेडचा कोन उच्च स्वर ऐकत ऐकत जुळवला. यात पाऊण तास गेला. मी अधीर झालो होतो, ते अजिबात नव्हते. चार स्पीकर खोलीच्या चार कोपऱ्यांत, मध्ये दोन खुर्च्या.

वाद्यं जुळवण्याचा आवाज समोरून आला आणि त्याच क्षणी मागून लोकांची कुजबुज सुरू झाली. माझ्या फाइलींत ती होती, पण 'गोंगाट' म्हणून. आता ती माणसं होती. उजवीकडे मागे कुणी तरी कागद चाळत होतं, कार्यक्रमपत्रिका असावी. मग शांतता झाली. ती शांतता मला लिहून सांगता येत नाही, पण चारही बाजूंनी ती एकाच खोलीची होती एवढं सांगतो. पहिला स्वर लागला आणि तो छताला लागून मागे उतरताना ऐकू आला.

शेवटी टाळ्या पडल्या त्या अंगावरून पुढे गेल्या. त्या ओसरताना मागे डावीकडे एक दार उघडल्याचा आवाज आहे, दोन पावलं आहेत आणि तिथेच फीत संपते. ते दार पुढच्या चॅनेलांवर कुठेच नाही.

जुनाडेक यांनी चारही चॅनेल एकाच फेरीत उतरवून दिले. व्ह्यूअरही त्यांच्याकडे होता. चार पट्टे स्पष्ट दिसले. कुणाचा वाद्यवृंद, कुठलं सभागृह, ते शोधणं चालू आहे. कुणाला ऐकून ओळखता येईल असं वाटत असेल तर सांगा.

सूरपाखरू

वाचताना अंगावर काटा आला. पुठ्ठ्यावरच्या त्या बाणाचं काय झालं?

फीतवेडा

@सूरपाखरू, घरी आल्यावर पुठ्ठा परत काढून बघितला. बाण एकच आहे, डावीकडून उजवीकडे. ज्याने फीत भरली त्याने तेवढं लिहून ठेवलं होतं, की ही एकाच दिशेने वाजवायची. मी त्याच्या खाली पेन्सिलीनेच लिहिलं : 'चार चॅनेल. शेपूट बाहेर.'